हाड जुळलं, ओठाचं काय?

जबड्याचं ऑपरेशन यशस्वी झालं असं सांगताना डॉक्टरांच्या हातात बहुधा एक्स-रे असतो. नवं हाड जागेवर आहे, टायटॅनियमची पट्टी हललेली नाही, जखम भरली आहे. यातलं काहीच खोटं नसतं. पण त्याच रुग्णाला कप ओठाला टेकला की नाही हे कळत नाही. हनुवटीवर ओघळलेलं वरण घरातल्या कुणी खुणावेपर्यंत तसंच राहतं. हाड बसवलेल्या बाजूला दात नसतात, म्हणून भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. अशा माणसाचा जबडा पुन्हा उभा राहिला असं म्हणायचं का? माझ्या मते अर्धाच. ओठाला स्पर्श कळतो का आणि घास चावता येतो का, हेही यशाच्या मोजमापात यायला हवं. ते येत नाही, म्हणून त्या दिशेनं प्रयत्नही कमी होतात.

हाडाच्या बाजूनं झालेली प्रगती मात्र थक्क करणारी आहे. हाडाचा नुसता तुकडा काढून दुसरीकडे लावला तर त्यातल्या बऱ्याचशा पेशी मरतात. मग आजूबाजूच्या जिवंत ऊतींनी त्यात शिरून नवं हाड घडवायचं असतं. 1965 साली अमेरिकेतले शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेलं हाड स्नायूमध्ये ठेवलं, तर तिथेही नवं हाड तयार झालं. हाडाच्याच द्रव्यात नवं हाड घडवून आणणारं काहीतरी असतं, हे त्यातून उमगलं. तरीही कमरेच्या हाडाचा असा तुकडा साधारण पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पोकळीलाच भरवशानं पुरतो, आणि रेडिएशन झालेल्या जागी तर फारच बेभरवशाचा ठरतो. उत्तर सापडलं ते पायात. नडगीशेजारच्या फिब्युला या बारीक हाडावर शरीराचा फारसा भार नसतो. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयान टेलर यांनी हे हाड रक्तवाहिन्यांसकट उचलून दुसऱ्या पायात बसवल्याचं प्रसिद्ध केलं. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्यापासून जबडा घडवल्याचे अनुभव मांडले. एक तुकडी तोंडातली गाठ काढते, दुसरी पायातलं हाड. सरळ हाडातून पाचरीसारखे तुकडे कापून त्याला जबड्याचं वळण देतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं शिवतात. अनुभवी केंद्रांत दहापैकी नऊहून अधिक वेळा हे हाड जगतं. तंबाखू, खर्रा, मावा, गुटखा यांमुळे आपल्याकडे गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरडीचा कॅन्सर जास्त. तो जबड्याला खेटूनच असतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही एसटी स्टँडवर दिसतं. थोडक्यात, या ऑपरेशनची गरज इथे कमी होणारी नाही.

ओठ बधिर होण्याचं कारण सोपं आहे. खालच्या ओठाची, हनुवटीची आणि खालच्या दातांची संवेदना नेणारा मज्जातंतू जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून जातो, भिंतीतून वायर न्यावी तसा. भिंतीचा तो भाग काढला की वायरही जाते. 1943 साली ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी मज्जातंतूच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात तंतू शाबूत असतो, फक्त संदेश थांबतो, आणि तो काही आठवड्यांत सावरतो. दुसऱ्यात आतले धागे तुटतात, पण वरचं आवरण टिकतं. त्यातून धागे दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीनं पुन्हा वाढतात. तिसऱ्यात सगळाच तंतू तुटतो आणि धाग्यांना वाट सापडत नाही. जबड्याचा तुकडा काढल्यावर होते ती इजा तिसऱ्या प्रकारची, म्हणजे आपोआप भरून न येणारी. ती तपासायला भारी यंत्र लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगून ओठावर कापसाची वात फिरवायची, टाचणीचं टोक टेकवायचं, मग कर्कटकाची दोन टोकं टेकवून ती एक वाटतात की दोन, हे विचारायचं. किती मिलिमीटर अंतरावर दोन वेगळी कळतात यावरून संवेदनेची श्रेणी ठरते. पाच-दहा मिनिटांचं काम. तरी अनेक केसपेपरवर त्याची नोंद सापडत नाही.

मोजलं की उपचार बदलतात, याचा दाखला याच मज्जातंतूनं दिलेला आहे. खालची अक्कलदाढ काढताना त्याला इजा होऊ शकते. बहुतेकांना काही होत नाही, पण दाढेचं मूळ बोगद्याला भिडलेलं असेल तर धोका बराच वाढतो. लंडनमध्ये तारा रेंटन आणि सहकाऱ्यांनी अशाच जोखमीच्या दाढा निवडून 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्ण काढलेल्या 102 दाढांपैकी 19 वेळा मज्जातंतूला इजा झाली. ज्या 58 दाढांचा फक्त वरचा भाग कापून मुळं आत ठेवणं साधलं, तिथे एकदाही नाही. आणखी 36 दाढांची मुळं कापताना हलल्यामुळे तीही काढावी लागली. त्यांत 3 वेळा इजा झाली. दाढ निघाली का, एवढंच विचारलं असतं तर हा फरक दिसलाच नसता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कॅन्सरमध्ये जीव वाचणं महत्त्वाचं, ओठाचं काय घेऊन बसलात? कॅन्सर मज्जातंतूच्या कडेनं पसरू शकतो, त्यामुळे तो कापावाच लागतो, हे निर्विवाद आहे. पण कापणं भाग आहे म्हणून कापलेल्या दोन टोकांमधली पोकळी तशीच सोडणंही भाग आहे, असं होत नाही. दुसऱ्या मज्जातंतूचा तुकडा लावून ती टोकं जोडता येतात. शिवाय जबड्याचं हाड कॅन्सरशिवायही काढावं लागतं. अमेलोब्लास्टोमा ही गाठ कॅन्सर नसते, पण जबडा आतून पोखरते, आणि बरेचदा तरुण वयात. ज्याच्यापुढे चाळीस वर्षं उभी आहेत त्याला ‘सवय होईल’ म्हणणं सोपं आहे. सवय ऐकणाऱ्यालाच करून घ्यावी लागते. दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. ऑपरेशन आधीच आठ-दहा तासांचं, आणि प्रक्रिया केलेला दात्याचा मज्जातंतू महाग. हे खरं. पण पोटरीतला सुरल मज्जातंतू त्याच पायात असतो, जिथून हाड काढलं जातं. तो घेतला तर पावलाची बाहेरची कड बधिर होते. ओठापेक्षा हा सौदा मला परवडणारा वाटतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: पुरावा तोकडा आहे. हाड बसवतानाच मज्जातंतूही जोडलेल्या रुग्णांचे अभ्यास छोटे आहेत. त्यांत बऱ्याच जणांना उपयोगी संवेदना परत आली, पण वयस्कर आणि रेडिएशन घेतलेल्या रुग्णांत तेवढंच यश मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही. मात्र संवेदना नोंदवलीच नाही तर पुरावा वाढणार कुठून?

दातांचंही तसंच. फिब्युलात टायटॅनियमचे इम्प्लांट घट्ट बसतात, आणि काही केंद्रांत संगणकावर आखणी करून हाड, इम्प्लांट आणि तात्पुरते दात एकाच ऑपरेशनमध्ये बसवले जातात. आपल्याकडे बहुतेकांसाठी ते ‘नंतर बघू’वर जातं, आणि कर्जात बुडालेल्या घरात हे ‘नंतर’ क्वचितच येतं.

म्हणून ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरलं असेल त्यांनी संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारावं: मज्जातंतू कापला जाणार का, लगेच जोडता येईल का, नसेल तर का नाही, आणि दात केव्हा बसवणार. ओठाची संवेदना ऑपरेशनपूर्वी तपासून केसपेपरवर लिहायला लावावी. अक्कलदाढ काढल्यावर भुलीचा असर उतरूनही ओठ बधिरच राहिला, तर ‘होईल हळूहळू’ यावर महिने घालवू नयेत. तुटलेला मज्जातंतू जोडायचा असेल तर पहिले काही महिने मोलाचे असतात.