जुन्या तबकड्यांतील आवाज

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं घरांत झालेल्या लग्नाची तबकडी कपाटांतून बाहेर काढावी, संगणकाकरवीं तिची नवी प्रत उतरवून घ्यावी, आणि सायंकाळीं मंडळी जमली असतां पडद्यावर सारें दिसावें पण ऐकूं मात्र कांहींच येऊं नये, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, आजीबाईंचे ओठ हलतात. मंगलाष्टकांचा सूर मात्र कोठेंच नाहीं. तबकडी बिघडली असें समजून ती टाकून देण्याचा मोह अशा वेळीं होतो. तो आवरावा. आवाज बहुधा तबकडींत शाबूत असतो. हरवतो तो उतरवितांना. शिवाय मूळ चित्रफीत केव्हांच नाहींशी झालेली असल्यामुळें ही तबकडीच पुष्कळदां एकमेव प्रत असते.

ह्या तबकड्यांस व्हीसीडी म्हणत. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी ह्या कंपन्यांनीं १९९३ सालीं तिचे नियम ठरविले. गाण्याच्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर सुमारें ७४ मिनिटांचें चलच्चित्र बसवावयाचें, तेव्हां काटकसर अटळ होती. भारतांतील पद्धतींत चित्र ३५२ ठिपके रुंद व २८८ ठिपके उंच, आणि अशीं चित्रें सेकंदास २५. तीन अंकी नाटकास म्हणूनच दोन-तीन तबकड्या लागत, आणि ऐन रंगांत आलेल्या प्रवेशाच्या वेळीं कोणास तरी जागेवरून उठावें लागे.

आवाजाची काटकसर याहून चतुर होती. गाण्याच्या तबकडीवर ध्वनीस सेकंदाला सुमारें १,४११ किलोबिट जागा मिळते; येथें अवघी २२४. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानास कळत नाहीं, ह्या श्रवणधर्माचा लाभ घेऊन न ऐकूं येणारा भाग गाळला किंवा ढोबळ केला जातो. ह्या ध्वनिसंकेतास व्यवहारांत एमपी-२ म्हणतात. युरोपांतील डिजिटल नभोवाणीच्या प्रयत्नांतून तो निघाला, हें श्रोत्यांस ऐकून बरें वाटेल. पुढें एमपी-३ चें नांव सर्वतोमुखी झालें आणि हा भाऊबंद मागें पडला. पुष्कळ मोबाइलांस व दूरचित्रवाणी-संचांस तो आतां ओळखतां येत नाहीं. चित्र एमपी-४ ह्या नव्या पेटींत घातलें पण आवाज जुन्याच संकेतांत राहूं दिला, कीं पेटी उघडते, चित्र हलतें, आणि आवाजाच्या जागीं मौन! आवाज उलगडून एएसी ह्या नव्या संकेतांत पुन्हां बांधणें हा त्यावर उपाय. एफएफएमपेग ह्या विनामूल्य कार्यक्रमाकडून तो थोड्या वेळांत होतो.

तथापि त्याआधीं तबकडीची जशीच्या तशी प्रत घ्यावी, आणि खरी पंचाईत येथेंच आहे. साध्या माहितीच्या तबकडीवर प्रत्येक २,३५२ बाइटांच्या खंडांत माहिती २,०४८ बाइटांची. उरलेल्या जागेचा मोठा भाग चूक दुरुस्त करण्यास राखलेला असतो. व्हीसीडींत चित्र व आवाज ह्यांनींच २,३२४ बाइट व्यापलेले असतात, म्हणजे दुरुस्तीची शिदोरी तोकडी. एक ओरखडा आला कीं नेहमींच्या रीतीनें चाललेली नक्कल अडते. म्हणून व्हीसीडीइमेजरसारखा, हे खंड समजणारा कार्यक्रम वापरावा. तबकडी मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल गोल नव्हे. चकचकीत बाजूस जपणारे लोक नांवाच्या बाजूवर खुशाल बॉलपेननें लिहितात. वस्तुतः माहितीचा थर त्याच बाजूस, पातळशा लाखेखालीं असतो.

वाचतांना मधला एखादा तुकडा निसटला, तर पुढें आवाज व चित्र यांची फारकत होते. आरंभीं सारें ठीक, आणि अर्ध्या तासानें फटाका आधीं फुटतो, ठिणगी मागाहून दिसते. निसटलेल्या ठिकाणीं तेवढीच शांतता भरून वेळ जुळविण्याची सोय चांगल्या कार्यक्रमांत असते. म्हणून नवी प्रत तपासतांना पहिलीं दोन मिनिटें ऐकून समाधान मानूं नये; मध्य आणि शेवटही ऐकावा.

डाव्या-उजव्या आवाजांचीही एक गंमत आहे. कराओकेच्या तबकड्यांवर एका बाजूस केवळ वाद्यें आणि दुसऱ्या बाजूस गळ्यासहित गाणें असे. हाँगकाँगच्या अनेक बोलपटांत एकीकडे कँटनी भाषा, तर दुसरीकडे मँडरिन. दोन्ही बाजू एकत्र केल्या तर नुसता गलबला होतो. तेव्हां त्या निरनिराळ्या राखाव्या, अथवा हवी तीच घ्यावी. डीव्हीडी करावयाची असल्यास आणखी एक अट पाळावी लागते: व्हीसीडीचा ध्वनि सेकंदास ४४,१०० नमुन्यांचा, डीव्हीडीस मात्र ४८,००० हवेत. एमपी-४ पेटीस ही अडचण नाहीं. चित्र मोठें करण्याच्या भरीस मुळींच पडूं नये; त्यानें फाइल फुगते, चेहरा स्पष्ट होत नाहीं.

कामाचा क्रमही विचार करून ठरवावा. कारखान्यांत छापलेल्या तबकड्या त्यांतल्या त्यांत दमदार. गल्लींतल्या स्टुडिओनें एकेक भरून दिलेल्यांत मात्र सेंद्रिय रंगाचा थर असतो, आणि तो ऊन व उष्णता यांनीं फिका पडत जातो. म्हणून लग्न-मुंजींच्या तबकड्या आधीं घ्याव्या, आणि विकत आणलेलीं नाटकें मागाहून.