भरलेला टेम्पो ‘बसतो’ म्हणजे काय होतं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे भरून टेम्पो निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : “रिकामी गाडी उडती, भरली की रस्त्याला धरून चालती.” त्याला जोडूनच, “म्हणून भरलेली गाडी जास्त सेफ.” पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं ऐकलं की डोकं फिरतं.

मागच्या स्प्रिंगचे पाटे पूर्ण भार पेलण्याइतके कडक असतात. गाडी रिकामी असली की ते जेमतेम दबतात आणि खड्डा थेट सीटपर्यंत पोचतो. कडकपणा तोच धरून पाट्यांवरचं वजन दुप्पट केलं, तर उसळीचा वेग सुमारे 30 टक्क्यांनी उतरतो. अंगाला सर्वांत बोचतात ते सेकंदाला 4 ते 8 वेळा बसणारे उभे हादरे. भरलेली गाडी त्यांच्यापासून लांब सरकते. तेव्हा चालक खोटं बोलत नाही. ‘आराम मोजता येत नाही’ असं म्हणतात, ते मात्र खोटं. सीटवर ॲक्सेलरोमीटरची चकती ठेवून तो मोजतात, आयएसओ 2631-1 या 1997च्या मानकानुसार. आकडा 0.315 मीटर प्रति सेकंद वर्गच्या खाली असला तर त्रास जाणवत नाही, 2च्या वर गेला तर बसवत नाही.

पण गाडी कधी कलंडेल हे पाठीला कसं कळणार? हिशेब सरळ आहे : डाव्या-उजव्या चाकांमधलं अर्धं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची. अंतर 1.6 मीटर, उंची 1 मीटर, तर गाडी गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट आडवा ओढा सोसेल. गठ्ठे रचून उंची 1.3 झाली की जेमतेम 0.6, पाटे आणि टायर दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. रोजच्या वळणांवर सामान्य चालक 0.3-0.4च्या पुढं सहसा जातच नाही. म्हणजे जी शिल्लक गेली, ती त्याला कधी जाणवलेलीच नव्हती! मोटारसायकल आडवी आली की मग जाणवते. म्हणूनच हलक्या गाड्यांसाठी शंकू मांडून झटक्यात लेन बदलण्याची वेगळी चाचणी आहे, आयएसओ 3888.

चालकाचं मत घ्यावं, पण नीट विचारून. “गाडी कशी चालते?” म्हटलं की “एक नंबर” एवढंच उत्तर येतं. “सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किती सावरावं लागलं?” असं विचारा, मग न सांगता टायरची हवा बदलून त्याच रस्त्यावर परत पाठवा आणि उत्तर बदलतं का बघा.

आणि हो, उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची नसते. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. आणि हवेऐवजी नायट्रोजन भरला म्हणून गाडी मऊ होत नाही. साध्या हवेतच तो 78 टक्के असतो.