विश्लेषण : नवी गाणी शुक्रवारीच का येतात? आवडलेले गाणे मित्रांना पाठवल्याने काय होते?

गुरुवारी रात्री बारा वाजून गेले की मोबाइलवरच्या संगीत अ‍ॅपमध्ये नव्या गाण्यांची रांग लागते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यातली काही गाणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि स्टेटसवर येऊन पोहोचतात. ‘हे ऐक’ एवढेच लिहून पाठवलेले एखादे गाणे पुढे शनिवार-रविवारची सोबत करते. हा सगळा हौसेचा मामला वाटतो. पण ज्यांच्यामागे मोठा चित्रपट किंवा मोठी कंपनी नाही, अशा गायक-संगीतकारांच्या कमाईशी त्याचा थेट संबंध आहे.

शुक्रवार कधीपासून ठरला?

२०१५ पर्यंत नव्या संगीताचा वार देशागणिक वेगळा होता. अमेरिकेत मंगळवार, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये सोमवार, तर जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात शुक्रवार. एका देशात अल्बम आला की दुसऱ्या देशातल्या चाहत्यांना काही दिवस थांबावे लागे आणि तेवढ्यात इंटरनेटवर चोरट्या प्रती फिरू लागत. यावर उपाय म्हणून ‘आयएफपीआय’ या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १० जुलै २०१५ पासून ४५हून अधिक देशांसाठी शुक्रवार हा एकच वार ठरवला. त्या त्या देशातल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्र उलटली की गाणी खुली होतात. त्याच सुमारास अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’नेही लोकप्रियता मोजण्याचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असा केला.

भारतीय श्रोत्यांना हे नवे आहे का?

गाण्यांचा वार ठरलेला असणे आपल्याकडे जुनेच आहे. १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’साठी, अमीन सयानी यांच्या आवाजाची वाट पाहत, घरोघरी बुधवारची संध्याकाळ राखून ठेवलेली असे. चित्रपट तर आजही प्रामुख्याने शुक्रवारीच लागतात. मात्र चित्रपटातली गाणी या वाराला बांधलेली नाहीत. सिनेमाच्या जाहिरातीच्या सोयीने ती कोणत्याही दिवशी येतात. शुक्रवारच्या रांगेत भरणा असतो तो चित्रपटाबाहेरच्या गाण्यांचा.

‘इंडी’ आणि ‘पॉप’ यांत फरक काय?

‘पॉप’ हा गाण्याचा बाज आहे. सोपी चाल, लगेच ओठांवर येणारी ओळ, तीन-चार मिनिटांचा आटोपशीर मामला. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र. गाणे कोणी आणि कोणाच्या पैशाने केले, हे त्या शब्दातून कळते. त्यामुळे एकच गाणे इंडीही असू शकते आणि पॉपही.

नव्वदच्या दशकात अलिशा चिनॉय, लकी अली यांचे अल्बम आणि मराठीत मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ घराघरांत पोहोचला. पण त्यासाठी कॅसेट काढणारी कंपनी आणि दुकानांपर्यंत पोहोचवणारी साखळी लागत असे. आता घरातल्या खोलीत, लॅपटॉप आणि माइकच्या साह्याने गाणे तयार होते. वितरण करणाऱ्या एखाद्या सेवेला वार्षिक शुल्क किंवा कमाईतला वाटा दिला की ते सर्व प्रमुख अ‍ॅपवर दिसू लागते. गाणे प्रसिद्ध करणे सोपे झाले. कठीण झाले आहे ते लोकांच्या कानावर पडणे.

शुक्रवारची गर्दी छोट्या कलाकारांना परवडते का?

त्याच दिवशी जगभरातली मोठी नावेही आपली गाणी आणतात. अ‍ॅपच्या संपादकांनी निवडलेल्या याद्यांमध्ये जागा मर्यादित असते. आपले गाणे फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या दर शुक्रवारच्या यादीत नक्की यावे, असे वाटत असेल तर स्पॉटिफायवर ते किमान सात दिवस आधी सादर करावे लागते. त्यानंतर अल्गोरिदम श्रोत्यांची वागणूक पाहतो. गाणे किती जणांनी पूर्ण ऐकले, किती जणांनी जपून ठेवले, किती जणांनी सुरुवातीलाच पुढे ढकलले, यावरून ते अनोळखी श्रोत्यांना सुचवायचे की नाही हे ठरत जाते. जाहिरातीला पैसे नसलेल्या कलाकाराकडे या पहिल्या काही दिवसांत हक्काचे असे एकच साधन असते : ओळखीच्यांनी ओळखीच्यांना पाठवलेले गाणे.

ऐकण्याचे पैसे होतात कसे?

स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले, असे धरले जाते. मात्र प्रत्येक वेळेचा ठरावीक दर नसतो. वर्गणी आणि जाहिरातींतून आलेल्या रकमेचा मोठा हिस्सा एकत्र केला जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढे पैसे त्या गाण्याच्या हक्कदारांकडे जातात.

२०२४पासून यात एक अट आली. मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनाचा वाटा मिळत नाही. ते पैसे उरलेल्या गाण्यांत वाटले जातात. शिवाय ऐकणारे वेगवेगळे लोक असावे लागतात. त्यांची नेमकी किमान संख्या कंपनी जाहीर करत नाही. हिशेब करून पाहिला तर २० जणांनी आठवड्यातून एकदा गाणे ऐकले, की वर्षाला १,०४० वेळा होतात. मोठ्या गायकाच्या आकड्यांत हे २० जण दिसणारही नाहीत. नवख्याच्या गाण्याला उंबरठ्याच्या अलीकडे ठेवायचे की पलीकडे, हे मात्र असे मोजके लोक ठरवू शकतात.

पाठवलेले गाणे किती दूर जाऊ शकते?

प्रतीक कुहाड यांचे ‘कोल्ड/मेस’ हे २०१८चे गाणे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१९मधील आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते घेतले आणि भारतातल्या स्वतंत्र संगीताकडे जगाचे लक्ष गेले. मराठीत २०२४ हे वर्ष गाजले. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ रील्समधून मराठी न समजणाऱ्यांपर्यंतही पोहोचले. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्समधील ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ने प्रसिद्ध केले. प्रत्येक गाण्याच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. पण ऐकणाऱ्यांनी उचलून धरलेल्या गाण्याला भाषेची अडचण येतेच असे नाही, हे यातून दिसले.

गाणे पाठवताना काय लक्षात ठेवावे?

डाउनलोड केलेली फाइल पाठवली तर कलाकाराच्या खात्यात काहीच जमा होत नाही आणि ते ऐकणे कुठे मोजलेही जात नाही. लिंक पाठवली तर दोन्ही होते. सगळ्यांकडे एकच अ‍ॅप नसते, म्हणून लिंकसोबत गाण्याचे आणि गायकाचे नाव लिहावे. रील करताना अ‍ॅपमधल्या संगीत यादीतले अधिकृत गाणे निवडावे. दुसऱ्याच्या व्हिडीओतून उचललेल्या आवाजात मूळ कलाकाराचे नाव हरवू शकते. एकदम २० लिंक टाकण्यापेक्षा एकच गाणे, ते का आवडले याच्या एका ओळीसह पाठवले, तर ते उघडले जाण्याची शक्यता जास्त. गायकाला फॉलो केले की त्याचे पुढचे गाणे आपोआप शुक्रवारच्या यादीत दिसते.

आणखी थोडे करायची इच्छा असेल तर गाणे विकतही घेता येते. ‘बँडकॅम्प’ हे संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर सहसा १५ टक्के वाटा घेते. करोनाकाळात, २० मार्च २०२० रोजी, त्याने पहिल्यांदा एका दिवसासाठी आपला वाटा सोडला. त्यातूनच ‘बँडकॅम्प फ्रायडे’ सुरू झाला. मैफली बंद पडलेल्या कलाकारांना त्या दिवसांचा मोठा आधार होता. त्यासाठीही निवडला गेला तो शुक्रवारच.