नाताळचा मुरवलेला केक

अंटार्क्टिकातील केप अडेअर येथे १८९९ साली बांधलेल्या एका लाकडी कुटीत २०१७ मध्ये गंजलेला पत्र्याचा डबा सापडला. त्यात कागदात गुंडाळलेला फ्रूट केक होता. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या टेरा नोव्हा मोहिमेतील तुकडीने तो तेथे नेला असावा, असे अभ्यासक मानतात. शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो अभंग होता. लोण्याचा किंचित खवट वास तेवढा येत होता. याचे मोठे श्रेय तेथील थंडीचे, परंतु या केकची घडणच टिकाऊपणासाठी झालेली आहे.

सुकवलेली फळे, साखर आणि मद्य हे त्या घडणीचे तीन आधार होत. फळांतील व पाकातील साखर पाण्याला बांधून ठेवते. त्यामुळे ओलावा असूनही तो सूक्ष्मजीवांच्या वाढीस उपयोगी पडत नाही. मद्य पृष्ठभागावर बुरशी धरू देत नाही.

इंग्लंडमध्ये असा केक पूर्वी मुख्यतः नाताळानंतरच्या बाराव्या रात्रीचा मान होता. त्यात घेवड्याचा दाणा दडवीत. ज्याला तो मिळे तो त्या रात्रीचा राजा. एकोणिसाव्या शतकात त्या रात्रीचे महत्त्व ओसरले आणि केक नाताळच्या मेजावर आला.

घरी आठ इंची गोल साच्यासाठी लोणी, तपकिरी साखर व मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, चार अंडी आणि ८०० ते ९०० ग्रॅम फळे लागतात. मैद्याच्या जवळजवळ चौपट फळे, हे प्रमाण प्रथम अविश्वसनीय वाटते. वस्तुतः मैदा येथे फळांना धरून ठेवण्यापुरताच असतो. बेदाणे, काळ्या मनुका, साखरेत पाकवलेली संत्र्याची साल आणि चेरी ब्रँडीत किंवा रममध्ये निदान रात्रभर भिजवावीत. लोणी व साखर हलके होईपर्यंत फेसावे, अंडी एकेक करून घालावीत, मग मैदा, दालचिनी, जायफळ आणि शेवटी फळे. मिश्रण घट्टच हवे. सैल मिश्रणात फळे तळाशी बसतात.

भाजणे हा खरा संयमाचा भाग. आच १४० ते १५० अंश सेल्सिअस ठेवून केक साडेतीन-चार तास भाजावा लागतो. एवढ्या वेळात कडा करपू नयेत म्हणून साच्याला आतून बटर पेपरचे दोन थर आणि बाहेरून जाड तपकिरी कागद बांधतात. निवल्यावर सुईने छिद्रे पाडून चमचाभर ब्रँडी मुरवावी, केक गुंडाळून डब्यात ठेवावा आणि आठवड्या-पंधरवड्याने हेच पुन्हा करावे. या काळात फळांतील ओलावा सर्वत्र पसरतो आणि मसाल्यांचा उग्रपणा निवतो. म्हणून इंग्लंडमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीसच केक भाजून ठेवण्याची रीत आहे. नाताळ जवळ आल्यावर वर बदामाच्या लगद्याचा थर आणि त्यावर अंड्याचा पांढरा बलक व साखर यांचे शुभ्र आवरण चढवतात. मधला बदामाचा थर केकचा तपकिरी डाग वर येऊ देत नाही.

भारतात या केकने स्थानिक रूपे घेतली. केरळमधील तलश्शेरी येथील मंबळ्ळी बापू यांनी १८८३ मध्ये मर्डोक ब्राउन या मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक केला आणि फ्रेंच ब्रँडीऐवजी काजूबोंडे व केळी यांपासून काढलेले गावठी मद्य वापरले, असे सांगतात. अलाहाबादी केकात पेठा, संत्र्याचा मार्मालेड आणि साजूक तूप येते. आपल्याकडे तासगावचे बेदाणे या कामाला उत्तम आहेत. विलायती डब्यांची गरज नाही.

मद्य वर्ज्य असलेल्या घरी फळे संत्र्याच्या रसात भिजवतात. चवीत फारसे उणे राहत नाही, पण हा केक महिनोन्महिने मुरवता येत नाही. तो शीतकपाटात ठेवून थोड्या दिवसांतच संपवावा.