पायांनी चाखलेलं पान

फुलपाखरं पायांनी चव घेतात. पावसाळ्यात एखाद्या कढीलिंबापाशी थोडा वेळ उभं राहिलं तर हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची काळी मादी झाडाभोवती घिरट्या घालते, पानावर टेकते, पुढच्या पायांनी भराभर टपटप करते आणि उडते. मग दुसरं पान. तिच्या पायांवरच्या सूक्ष्म केसांना पानातली रसायनं कळतात. ओळख पटली की पोटाचं टोक वळवून ती मोहरीएवढं पिवळसर अंडं कोवळ्या पानाला चिकटवते.

एवढी पारख कशासाठी? झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानांत कडू, उग्र, कधी विषारी द्रव्यं साठवतं. कढीलिंबाचा वास आपल्याला फोडणीत हवासा वाटतो, पण बहुतेक किड्यांना तो नकोच असतो. लाखो वर्षांच्या सहवासात मोजक्याच किड्यांना अशी पानं पचवणं साधलं आहे. कॉमन मॉरमॉनच्या अळीला कढीलिंब, लिंबू, बेल याच कुळातली पानं चालतात. कॉमन एमिग्रंटची अळी बहाव्यावर वाढते. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू जाहीर केलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्याची अळीही लिंबाच्याच कुळावर पोसते. मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्प या झाडाची पानं मात्र यांच्यापैकी एकीच्याही कामाची नाहीत.

कॉमन मॉरमॉनची अंड्यातून बाहेर पडलेली अळी तर बघतच राहावी अशी. तपकिरी अंगावर पांढरे डाग, वर ओलसर चकाकी, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा! पानावर उघड्यावर बसली तरी सहसा कुणी चोच मारत नाही. चार वेळा कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. हलकेच बोट लावा. डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंगासारखं काहीतरी झटकन बाहेर येतं आणि उग्र दर्प सुटतो. मुंग्या त्याला बिचकतात. क्षणभरात ते शिंग पुन्हा आत.

तरीही कितीतरी अळ्या खाल्ल्या जातात, आणि बागेच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते, कारण त्यांच्या वाढीला प्रथिनं लागतात. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरातल्या परसबागांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बागांत स्थानिक झाडाझुडपांचा वाटा ७० टक्क्यांहून कमी होता, तिथे चिकडी या चिमणीपेक्षाही लहान पक्ष्याची संख्या टिकून राहत नव्हती. बाग हिरवी होती, पण पिल्लांना भरवायला पुरेसं नव्हतं.

म्हणून लावायचं तर स्थानिक झाड. जागा मोठी असेल, शेताचा बांध किंवा सोसायटीचं मोकळं मैदान, तर उंबर लावा. (भिंतीलगत नको, मुळं पाया उचकटतात.) उंबराचं फळ म्हणजे आत मिटलेल्या शेकडो फुलांची मूठ. एक इवलीशी गांधीलमाशी वरच्या छिद्रातून आत शिरते. वाट इतकी चिंचोळी की बहुधा पंख तुटून पडतात. ती परागण करते, अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर भिंत कुरतडून माद्यांना वाट करून देतात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर ती माशीही नाही. पिकलेल्या फळांवर हरियाल, तांबट, कोकीळ, बुलबुल आणि रात्री वटवाघळं येतात.

घरापुढे चार पावलांचीच जागा असेल तर कढीलिंब पुरे. त्याची काळी फळं बुलबुल आवडीने खातात. थोडी अधिक असेल तर बहावा किंवा ताम्हण. रोप जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी द्या. पानं कुरतडलेली दिसली की फवारणी करू नका. वाढलेलं झाड एवढं सहज सोसतं. रोप अगदीच लहान असेल, तर अळ्या पानासकट खुडून दुसऱ्या मोठ्या कढीलिंबावर किंवा लिंबावर नेऊन ठेवा.