वाऱ्याकडची बाजू, आडोशाची बाजू
बेटांचं हवामान : लेखांक ५

मालदीवचं तिकीट काढलं की बहुतेक लोक मोबाइलवर हवामान उघडतात आणि तिथेच धास्तावतात. पुढचे दहा दिवस ढग, पाऊस, वीज. रोज तेच चित्र. ते खोटं नसतं, पण फारसं कामाचंही नसतं. विषुववृत्ताजवळच्या बेटावर दिवसभरात एखादी सर पडण्याची शक्यता जवळपास कायमच असते आणि मोबाइलला दिवसाकाठी एकच चित्र दाखवायचं असतं. तापमानातही सांगण्यासारखं काही नाही. दुपारी ३०-३१ अंश, पहाटे २५-२६, समुद्राचं पाणी २८ ते ३०. जानेवारी असो की जुलै.

रिसॉर्टच्या स्वागतकक्षात किंवा डायव्हिंग केंद्राबाहेर जो फळा असतो, त्यावर हे आकडे रोज लिहिले जातात. त्याच फळ्यावर वाऱ्याची दिशाही असते आणि पाहुण्यांची नजर तिच्यावरून सहसा घसरते. खरं तर पहिल्यांदा तीच वाचायला हवी.

मालदीवची जवळपास १,२०० बेटं दक्षिणोत्तर साडेआठशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात पसरली आहेत. त्यांच्यावर दोन वाऱ्यांचं राज्य आहे. साधारण डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ईशान्येचा कोरडा ‘इरुवाई’, मग मेपासून नोव्हेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा ओला ‘हुळंगु’. दरवर्षी मे महिन्यात आपल्या वर्तमानपत्रांत ‘मालदीव-कोमोरिन भागात मान्सूनची प्रगती’ अशी बातमी येते, तोच हा वारा. तिथले कोळी त्याचा हिशेब तेरा-चौदा दिवसांच्या ‘नकई’ने ठेवत आले. मृग आणि आर्द्रा ज्या सत्तावीस नक्षत्रांत येतात, त्यांच्यावरच ही गणना बेतलेली आहे.

वारा फिरला की बेटाची किनारपट्टीही बदलते, तीही अक्षरशः. प्रवाळाच्या चुऱ्याची ही पांढरी वाळू एका जागी बसून राहत नाही. नैर्ऋत्येच्या मोसमात लाटा ती पूर्वेकडे ढकलतात, ईशान्येच्या मोसमात परत पश्चिमेकडे. संशोधकांनी बा प्रवाळवलयातल्या बेटांवर ही ये-जा मोजली आहे. माहितीपत्रकात पाहिलेली रुंद चौपाटी जुलैत खोलीसमोर सापडली नाही, तर ती बहुधा बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असते. पर्यटनाचा धंदा अर्थातच सहा महिने वाट पाहत बसत नाही. वाळूची पोती रचली जातात, पंपाने वाळू ओढून आणली जाते.

पाण्याखालीही हीच फेरपालट. ईशान्येच्या मोसमात मोकळ्या समुद्राचं नितळ पाणी पूर्वेच्या बाजूने वलयात शिरतं, त्यामुळे तिथे लांबवरचं दिसतं. नैर्ऋत्येच्या मोसमात प्रवाह उलटतो, पूर्वेकडचं पाणी सूक्ष्म जीवांनी गढूळतं, आणि तेच खायला मांटा रे हे अजस्र पाकट मासे तिकडे जमतात. बा वलयाच्या पूर्वेला हनिफारू नावाची लहानशी खाडी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती मोसमी प्रवाहाला सामोरी येते, तेव्हा हे अन्न त्या खाडीत कोंडलं जातं आणि मांटांची झुंबड उडते. २०११ मध्ये युनेस्कोने बा वलयाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हनिफारूत सिलिंडर लावून बुडी मारायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग चालतं. पावसाळ्यात मालदीवला जाण्यात अर्थ नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या भरतीची उंची मात्र कोकणातल्या माणसाला किरकोळच वाटेल. मुंबईत उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. मालदीवमध्ये भरती-ओहोटीतला फरक मीटरभराचा. तरीही वलयांमधल्या अरुंद वाटांतून तेवढं पाणी जोरात आत-बाहेर करतं. रिसॉर्टवर लाल बावटा लागतो तो अनेकदा या ओढीमुळे, आकाश निरभ्र असतानाही.

पावसाचं वेळापत्रकही आपल्या ओळखीचं नाही. खारे आणि मतलई वारे वाहायला ऐसपैस जमीन लागते. काहीशे मीटरच्या बेटाला ते जमत नाही. दुपारी तापून संध्याकाळी कोसळण्यापेक्षा इथला पाऊस खुल्या समुद्राच्या रिवाजाने पहाटेच्या सुमाराला जास्त पडतो. आठवडाभर झोडपून मग लख्ख उघडीप पडते, त्यामागे अनेकदा हिंदी महासागरातून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा प्रचंड पट्टा असतो. मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७१ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो साधारण ३० ते ६० दिवसांनी फिरून येतो. तो जन्मतो कसा हे पाहायला शास्त्रज्ञांनी २०११-१२ मध्ये दक्षिणेच्या गन बेटावर रडार थाटली होती.

उरल्या त्या लाटा, आणि त्या तर स्थानिक हवामानाला जुमानतच नाहीत. दक्षिण गोलार्धातल्या ‘गर्जणाऱ्या चाळीस’ वाऱ्यांनी उठवलेले लांबलचक लोंढे काही दिवसांनी, हजारो किलोमीटर कापून इथे पोचतात. मार्च ते ऑक्टोबर सर्फिंगवाल्यांची चंगळ होते ती त्यांच्यावरच. पण एप्रिल १९८७ मध्ये अशाच लाटांनी राजधानी माले बुडवली आणि नंतर जपानच्या मदतीने तिथे लाटरोधक भिंत उभी राहिली. मे २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रातल्या वादळाच्या लाटा अनेक बेटांवर घुसल्या. अशा लोंढ्यांचा पहिला मार बेटाभोवतीचा प्रवाळ खातो. १९९८ आणि २०१६ च्या तापलेल्या समुद्राने त्याची काय अवस्था केली, ते पुढच्या लेखांकात.