सोलापुरातली पाचवी भाषा

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर पडतात, हे कुणीही सांगेल. पाचवी भाषा सहसा मोजली जात नाही. ती म्हणजे कैकाडी समाजाच्या घरांतली कैकाडी. ती मराठीची बोली नव्हे. कन्नड किंवा तेलुगूचीही नव्हे. ती थेट तमिळच्या गोतातली!

तिचे सख्खे भाऊबंद म्हणजे दक्षिणेतल्या कोरवा आणि येरुकला यांच्या बोली. कोरवा लोक गाढवांवर, बैलांवर किनाऱ्याचं मीठ लादून आतल्या मुलखात विकायचे. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. इकडे कैकाडी टोपल्या, कणग्या विणत गावोगाव फिरत राहिले. भोवती मराठी आणि घरात द्रविड भाषा, असं हे अजब जगणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

1906 साली भाषातज्ज्ञ ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणानं कैकाडीची नोंद तमिळखाली केली. दोनच वर्षांनी केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचं मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वरचं पुस्तक निघालं. त्यातही कैकाडी आहेत, पण संशयित म्हणून. एकाला भाषेचं नातं दिसलं, दुसऱ्याला पाळत ठेवायची माणसं.

मग कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या अशा जमातींसाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत, म्हणजे सेटलमेंट, उभी राहिली. तिथं हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचं. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा गुन्हेगारीचा शिक्का कायद्यानं पुसला गेला. आश्चर्य हे, की इतकं सोसूनही भाषा टिकली. आई-बाप आणि लेकरं एकत्र होती, हे त्याचं एक कारण असावं.

सैबेरियातल्या रेनडिअर पाळणाऱ्या इव्हेन लोकांच्या वाट्याला याउलट आलं. सोव्हिएत काळात त्यांची मुलं निवासी शाळांत गेली, घरची भाषा तुटली. 2010च्या जनगणनेत सुमारे 22 हजार इव्हेनांपैकी जेमतेम साडेपाच हजारांनी आपली भाषा येते असं सांगितलं.

कैकाडी मुलांची शाळा आज मराठीत भरते. लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ (1980) मधून या समाजाचं जगणं मराठीत आणलं. पण भाषेला स्वतःची लिपी नाही. 2011च्या जनगणनेत तमिळच्या रकान्यात कैकाडी बोलणारे सुमारे 26 हजार भरले. दहा हजारांच्या खाली गेलेल्या मातृभाषेचं नाव जनगणना स्वतंत्र छापत नाही. ती ‘इतर’ मध्ये जाते. म्हणून पुढचा गणक दारात येईल तेव्हा मातृभाषेपुढे ‘मराठी’ऐवजी ‘कैकाडी’ सांगणं, हेही भाषा राखण्याचंच काम आहे.